बगळ्याचा दगड

२ मार्च

भाऊजी, नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही आधी सुनेला हाक माराल आणि विचाराल, "आता कोण गेलं?" म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, कोणी गेलेलं नाही. जायचे ते ऑक्टोबरात गेले, आणि त्यांना निरोप द्यायला तुम्ही काठी टेकत एवढ्या लांबून आला होतात.

फोन करणार होते. पण फोनवर अर्धं तुम्हाला ऐकू येत नाही (जन्मभर बस चालवलीत, कान इंजिनाने खाल्ले) आणि उरलेलं अर्धं तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात मात्र मी म्हणेन तेवढं तुम्हाला गप्प बसून ऐकावं लागेल.

तर झालं असं. काल मासेमारी मंडळाचे सेक्रेटरी दुकानात आले. कोट शिवायला टाकायचा असेल म्हणून मी टेप घेऊन उठले, तर म्हणाले, "नाही, नाही, तुमचं काम चालू द्या." स्टुलावर बसले आणि मशीनच्या पायट्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत असेलच." मला कुठला माहीत असायला! पुलाखालच्या वळणावर ज्याचा दगड, त्याच्या घरातल्या कोणीतरी दर वसंतात त्या दगडावर बसून एक तरी मापाचा मासा धरायचा. मोसम संपेपर्यंत धरला नाही तर दगड रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जातो. यांचा दगड म्हणे सगळ्यांत चांगला, आणि रांगेत पहिले आहेत आपले औषधवाले. माणूस भला आहे, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सेक्रेटरी यांना नदीवर पडलेलं नाव घेऊन "बगळ्याचा दगड आता..." असं म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मासा आमच्या घरातूनच धरला जाईल."

"कोण धरणार?"

"मी."

ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. चष्मा पुसून निघून गेले.

आता तुम्हीच तारा. मी मासा साफ केला आहे, चिरला आहे, तळला आहे, पण जिवंत मासा हातात धरायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. यांच्या काठ्या दाराच्या मागे उभ्या आहेत, गळांची डबी आहे, सगळं यांनी नीट पुसून ठेवलेलं आहे, पण काय कशासाठी ते कळत नाही. पाणी कसं बघायचं, कुठला मासा कधी येतो, त्याला काय घालायचं, सगळं पहिल्यापासून लिहा. मी ढ आहे असं समजूनच लिहा.

आणि आणखी एक विचारते. तुम्ही दोघं दोस्त इतके वसंत त्या काठावर शेजारी शेजारी बसलात. काय बोलायचात? हे दिवसभर लोकांची कुलपं उघडायचे आणि घरी आल्यावर स्वतःचं तोंड काही उघडायचे नाहीत. नदीवरून येताना मात्र चेहरा निवांत असायचा. तिथे काय बोलून यायचे ते मला कळू द्या.

तुमच्या तिकडे नदी कशी आहे? पाणी वाढलं का?

तुमची वहिनी

---

९ मार्च

वहिनी,

तुम्हाला वेड लागलंय, आणि मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने हसलो की सूनबाई लाटणं घेऊनच बाहेर आली.

आता शिकवणी. पहिला धडा, इतक्यात काठीला हात लावू नका. मार्चमधली नदी म्हणजे नुकतं झोपेतून उठवलेलं माणूस. वर डोंगरातला बर्फ वितळून पाणी चढलेलं असणार, गढूळ, दूध जास्त झालेल्या चहासारखं. रोज दुपारी जा, दगडावर बसा आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घाला. बोटं बधिर होऊन दुखायला लागली तर घरी जा, शिवण शिवा. नुसतं गार लागलं तर काठी न्या.

थंड पाण्यात मासा आळशी असतो. मुख्य धारेत तो कशाला कष्ट करेल? तो धारेच्या कडेला, संथ जागी, तळाशी पडून राहतो. दगडाच्या डाव्या हाताला फेस गोल गोल फिरताना दिसेल. धावत्या बससाठी जसा थांबा, तशी माशासाठी ती जागा. गळ तिथे सोडा. दोरीला बांधलेलं शिसं तळ लागेपर्यंत खाली जाऊ द्या, म्हणजे वर तरंगणारं बूच उभं राहील. सकाळची घाई करू नका, सूर्य पाण्यावर तास-दोन तास पडू द्या.

आमिष म्हणाल तर आत्ता गांडूळ. पुराने काठ खचतात, गांडुळं वाहून येतात, माशांना या दिवसांत तीच सवय असते. छोटं घ्या, गळही छोटा घ्या. आळशी माणसाच्या पुढे मोठं ताट ठेवलं की तो कूस बदलतो.

तिथे तीन प्रकारची मंडळी भेटतील. चंदेरी, बोटभर, आमिष कुरतडून पळणारी, तिला आम्ही चिल्लर म्हणायचो. मिशा असलेला, तळाशी गस्त घालणारा तो हवालदार. आणि कार्प, तो साहेब. पाणी निवळून कोमट व्हायला लागलं की तो येतो आणि अंडी घालायला लव्हाळ्यात शिरायच्या आधी पोटभर जेवून घेतो. ते लव्हाळ्यात शिरले की मंडळ पाटी उलटी करतं, मोसम खलास. माप कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. चिल्लर या जन्मात त्यात बसणार नाही.

बगळा काय बोलायचा विचारता? अहो, तुमच्याशिवाय दुसरा विषय होता का त्याला! "माझ्या बायकोसारखी शिवण या गावात कोणाची नाही," हे तर दिवसातून एकदा ठरलेलं. म्हणायचा, "माझी बायको आहे म्हणून माझा संसार आहे." मी कंटाळायचो ऐकून.

हात भिजला की लगेच कोरडा करत जा.

भाऊजी

---

१८ मार्च

भाऊजी,

पत्र वाचून त्या रात्री मशीनवर बसले आणि सगळी शिवण तिरकी गेली. "माझी बायको आहे म्हणून माझा संसार." तीन-चारदा वाचलं.

हात रोज घातला. सुरुवातीला बोटं इतकी दुखली की सुई धरवेना, शेजारणीच्या स्कर्टची घडी दुसऱ्या दिवसावर ढकलली. परवा पहिल्यांदा नुसतं गार लागलं. काल काठी घेऊन गेले. गांडूळ ओवताना डोळे मिटून घेतले, पण खरं सांगू, सुईत जाड दोरा ओवण्यापेक्षा सोपं निघालं. औषधवाले पलीकडच्या झाडाखाली उभे होते, त्यांनी टोपी काढून नमस्कार केला आणि थर्मासातला चहा दिला. माझा दगड गेला तर त्यांना मिळणार, तरी चहा साखर घालून दिला! मला त्यांचा रागही धड येऊ देत नाहीत.

फेसाच्या जागी गळ सोडला. बूच हललं. मी लगेच ओढलं. काही नाही, गांडूळही नाही. पुन्हा ओवलं, पुन्हा हललं, पुन्हा ओढलं. असं संध्याकाळपर्यंत. डबीतली सगळी गांडुळं नदीला खाऊ घातली. पुलावरून जाणारे लोक थांबून बघत होते, त्यात माझं गिऱ्हाईकही होतं.

काय चुकतंय? आणि तुमच्या तिकडच्या पाण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

वहिनी

---

२४ मार्च

वहिनी,

काय चुकतंय ते मला इथे खुर्चीत बसून दिसतंय. मागे माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं होतंत, आठवतं? शेवटचा टाका घातलात आणि मनगटाला हिसका देऊन दोरा तोडलात, कात्री शेजारी असून. जन्मभराची सवय! तुम्ही मासा धरत नाही, दोरा तोडताय. बूच हललं की मनगट आपोआप हिसका देतं आणि माशाच्या तोंडातून आमिष बाहेर येतं.

जगात मासे धरणाऱ्यांच्या नाना चुका मी पाहिल्या. कोणी झोपतं, कोणी खोकतं, कोणी माझ्यासारखं बडबडतं. दोरा तोडणारं माणूस पहिल्यांदाच पाहतोय.

उपाय एकच. काठी डाव्या हातात घ्या. डावा हात दोरा तोडायला शिकलेला नाही, तो अजून शहाणा आहे. बूच थरथरलं की बसून राहा. चिल्लर चाखून बघतेय, बघू द्या. बूच पूर्ण बुडालं किंवा एका बाजूला चालायला लागलं की मग काठी वर उचला, सावकाश, प्रवासी उभे असताना ब्रेक लावतात तशी.

आता एप्रिल लागेल, पाणी निवळेल, साहेब मंडळी वर येतील. त्यांना गांडूळ चालेल, पण त्यांची खरी आवड कणकेची गोळी. इथे मात्र मी तुम्हाला मदत करू शकत नाही. मी कणकेत काय काय नाही घातलं! तरी माझी गोळी पाण्यात पडली की विरघळायची. बगळ्याची मात्र टिकायची, आणि कार्प माझ्या पुढ्यातून उठून त्याच्याकडे जायचे. विचारलं की म्हणायचा, "नुसतं पीठ आणि पाणी." आणि लगेच तुमच्याबद्दल सुरू व्हायचा. "माझी बायको हसली की घर उजळतं," असं एकदा म्हणाला होता.

भाऊजी

---

३ एप्रिल

भाऊजी,

डावा हात शहाणा निघाला. चिल्लर इतकी मिळाली की मांजरीने माझ्याकडे राहायला यायचं ठरवलंय. आणि परवा बूच सरळ बुडालं, मी सावकाश उचललं, आणि काठी वाकली! तुमचे हवालदार साहेब. मिशा हलवत माझ्याकडे असे बघत होते जणू परवाना विचारताहेत. मी किंचाळले. सेक्रेटरी मापाची फळी घेऊन धावत आले, मोजलं, तर दोन बोटं कमी. सोडून दिला. पण खरं सांगते, घरी येताना रस्ताभर मी एकटीच हसत होते. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा.

आता बसून घ्या, आणि काठी हाताशी असेल तर बाजूला ठेवा. यांच्या कणकेत काय असायचं ते मी तुम्हाला सांगू शकते, कारण ती कणीक इतकी वर्षं मीच मळून देत होते. उकडलेला बटाटा, मध चमचाभर, थोडी बडीशेप कुटून. आणि कापूस. कोटाच्या खांद्यात भरायला मी आणते ना, तोच, बारीक पिंजून. कापसामुळे गोळी धारेत टिकते, विरघळत नाही. ही युक्ती कोणाची म्हणाल तर माझी. एकदा चिडून म्हटलं होतं, "टिकत नाही तर अस्तर लावा तिला." यांनी मनावर घेतलं. गोळी शर्टाच्या बटणाएवढी करायची, कोटाच्या नाही.

आता तुमचा हिशेब. भाऊजी, यांनी उभ्या जन्मात मला "माझी बायको" म्हटलेलं नाही. दुकानात, नातेवाइकांत, डॉक्टरांपुढेसुद्धा "घरी" म्हणायचे. "घरी विचारतो." "घरी आवडत नाही." पहिल्या पत्रातच मला ते खटकलं होतं, पण गोड लागत होतं म्हणून बोलले नाही. माझ्या हसण्याने घर उजळतं म्हणे! अहो, यांना दिवा गेलेला कळायचा नाही. आता खरं काय ते लिहा.

लोक म्हणताहेत यंदा ऊन लवकर आलंय, कार्पही लवकर लव्हाळ्यात शिरतील. दिवस थोडे उरलेत.

वहिनी

---

११ एप्रिल

वहिनी,

कापूस! लबाड, महालबाड माणूस! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून "पीठ आणि पाणी"! तो असता तर मी त्याला दगडावरून ढकलला असता आणि वर कापूस टाकला असता.

बरं. पकडलंत मला. त्याची सगळी वाक्यं मी इथे बसून बनवली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

खरं विचाराल तर तो काही बोलायचा नाही. मी बोलायचो. बस, प्रवासी, माझे साहेब, माझं पोट. तो एका पायावर भार टाकून उभा राहायचा, बुचाकडे बघायचा आणि मी फार मोठ्याने बोललो की डोळे वटारायचा. एवढंच. तुमच्याबद्दल त्याने काही वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. कशाबद्दलच काही म्हटलं नाही.

कणीक मळा, पाणी निवळलं असेल.

भाऊजी

---

२१ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस गेले नदीवर. पाणी हिरवट, स्वच्छ, काठाला झाडांना पालवी. कणीक उत्तम जमली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बूच हळूच आडवं चालायला लागलं, डाव्या हाताने उचललं, आणि पाण्याखालून काहीतरी इतक्या जोराने निघालं की मी उभीच राहिले. साहेबच होते. पाठ दिसली, सोनेरी. आणि मी घाबरून दोरी घट्ट धरली. तुटली. तुमच्या शिकवणीत तो धडा नव्हता.

त्यानंतर गेलेली नाही.

मासा सुटला म्हणून नव्हे. मी तो दगड का राखतेय, हे मला आता कळेनासं झालंय. मला वाटायचं, घरी न बोललेलं सगळं यांनी तिथे ठेवलंय. मी तिथे जाऊन बसले तर थोडं माझ्या वाट्याला येईल. तुम्ही म्हणता तिथेही काही नाही. मग उगाच कशाला त्या भल्या माणसाची रांग अडवू? औषधवाल्यांना सांगून टाकावं असं मनात आहे. येत्या आठवड्यात सेक्रेटरींना भेटेन.

तुमच्यावर राग नाही. खोटं लिहीत होतात तेव्हा बरं चाललं होतं, एवढंच.

वहिनी

---

२४ एप्रिल

वहिनी,

सेक्रेटरींकडे अजून गेला नसाल तर जाऊ नका. गेलाच असाल तर परत जा आणि सांगा, बाईमाणूस आहे, मन बदललं. काय वाटेल ते सांगा, पण दगड देऊ नका.

एक गोष्ट आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगायची तर मला माझे ते दिवस सांगावे लागतात.

माझी बायको गेली, त्याच्या पुढचा वसंत. मी नदीवर जायचो, कारण घरात बसवत नव्हतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्या! ज्याला अख्ख्या डेपोने हात जोडून गप्प बस म्हणावं, त्याच्या. गळाला आमिष न लावताच पाण्यात सोडून बसायचो. पहिल्या दिवशी बगळा नेहमीसारखा गप्प. दुसऱ्या दिवशी त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "शाळेच्या तिजोरीचं कुलूप असतं ना, त्याच्या आत एक स्प्रिंग असते." आणि सुरू झाला.

वहिनी, इतकं कंटाळवाणं बोलणं मी जन्मात ऐकलं नाही. कुलपं! गंजलेली कुलपं, चावी मोडलेली कुलपं, एका आजीचं कपाट, त्या कपाटाची बिजागरी. त्याला गोष्ट सांगता येत नव्हती. मध्येच विसरायचा, मागे जायचा, पुन्हा पहिल्यापासून. पण थांबायचा नाही. दुपारी सुरू झाला की अंधार पडेपर्यंत. काठावरची मंडळी वैतागली, मासे पळतात म्हणून हातवारे करायची. जो माणूस मला माशांसाठी डोळे वटारायचा, तो माशांना विसरून बोलत बसला. मोसम संपत आला तरी त्याला मापाचा मासा मिळाला नव्हता. त्या वर्षी त्याचा दगड जाता जाता राहिला, हे तुम्हाला त्याने सांगितलं नसेल. रोज तो माझ्या शेजारची ती भयंकर शांतता आपल्या कुलपांनी भरून काढत होता.

मग एक दिवस मी म्हणालो, "अरे, पुरे कर तुझी ती कुलपं, डोकं उठलं माझं!" तो थांबला. माझ्याकडे बघून हसला. आणि गप्प झाला तो कायमचा. मी बोलायला लागलो होतो ना, त्याचं काम झालं होतं.

मी म्हटलं तो कधी काही बोलला नाही. ते खोटं होतं, तेही लिहून टाकतो. आणि तुम्ही दर वेळी विचारता त्याचं उत्तर: इथे नदी नाही. चौथ्या मजल्यावरून समोरची इमारत दिसते आणि तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. या वसंतात मी जे काही पाणी पाहिलं, ते तुमच्या पत्रांत.

राहिलेला धडा घ्या. साहेब गळाला लागला की दोरी धरू नका, द्या. पळू द्या त्याला, हवं तितकं. काठी उभी ठेवा, तो दमला की जवळ घ्या, पुन्हा पळाला की पुन्हा द्या. हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला जाळीवर आणा, जाळीने माशाच्या मागे धावू नका. लव्हाळ्यापासून चार हात लांब, उन्हाच्या बाजूला, उथळ पाण्यात टाका, आता ते तिथे असतील.

जा, वहिनी. उद्याच जा.

भाऊजी

---

८ मे

भाऊजी,

तुमचं पत्र मी दुकानातच उभ्याने वाचलं. गिऱ्हाईक समोर अंगात अर्धा कोट घालून उभं होतं, त्याला तसंच ठेवून मी आत गेले.

तो वसंत मला आठवतो. यांचा घसा बसला होता. रोज संध्याकाळी नदीवरून यायचे ते आवाज पार गेलेला. मी मिठाचं कोमट पाणी करून द्यायचे, हे मोरीपाशी उभे राहून गुळण्या करायचे, आणि मी मागून ओरडायचे, की त्या नदीवरचं वारं बाधतंय, पण ऐकाल तर शपथ! मफलर शिवून दिला होता जाड लोकरीचा. गळ्याला गुंडाळून निमूट जायचे आणि पुन्हा बसलेला घसा घेऊन यायचे. मला वाटायचं, वारं. भाऊजी, घरी येईपर्यंत यांचा आवाज संपलेला असायचा, आणि मी म्हणत राहिले की यांच्याजवळ शब्दच नाहीत. एकदा तरी मानेने सांगायचं, की दोस्तासाठी बोलून येतोय! पण सांगितलं असतं तर ते हे कसले.

खूप रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळून नदीवर गेले.

चार-पाच दिवस नुसती चिल्लर. लव्हाळ्यात पाणी डहुळायला लागलं होतं, सेक्रेटरी येऊन म्हणून गेले की परवा-तेरवा पाटी उलटी करावी लागेल, वर्गणीदार कुरकुरताहेत. औषधवाले दुकान बंद करून येऊन उभे राहायचे. त्यांनाही ठाऊक होतं काय होणार ते, आणि त्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, आणि आनंद होतोय याची लाजही लपवता येत नव्हती. बिचारे.

काल दुपारी उन्हाच्या बाजूला उथळात टाकलं. बराच वेळ काही नाही. मग बूच आडवं चालू लागलं, अगदी रमतगमत. डाव्या हाताने उचललं. निघाला! माझी बोटं दोरी आवळायला लागली होती, मी मोठ्याने म्हणाले, "दे, दे त्याला." दिली. पुलाच्या खांबापर्यंत गेला. परत आणला, पुन्हा गेला. हात भरून आला, कणीक तिंबून येतो त्याहून जास्त. शेवटी दमून कुशीवर झाला. जाळी मी आधीच बुडवली होती, पण एका हाताने उचलवेना, तर चपला-मोज्यांसकट पाण्यात उतरून जाळीचा दांडा कोणी धरला असेल? औषधवाल्यांनी! मी म्हटलं, "अहो, तुमचा दगड जातोय." ते म्हणाले, "बाई, आधी मासा घ्या, दगडाचं मग बघू."

फळीवर ठेवला. मापाच्याही पुढे शेपूट. सेक्रेटरींनी दोनदा मोजला, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात परत ठेवला. अंडी घालायची होती त्याला, जाऊ दे.

मंडळी पांगली. मी सामान आवरायला पुन्हा दगडावर बसले. सेक्रेटरी जाता जाता थांबले. "एक विचारू का?" म्हणाले. "मार्चपासून बघतोय. एवढा ऐसपैस दगड, तुम्ही अशा कडेला का बसता? एक पाय कायम घसरतोय तुमचा. मध्ये बसा की आता. दगड तुमचा आहे."

मी खाली बघितलं. खरंच कडेला बसले होते. सगळा वसंत मी तशीच बसले होते, आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. बसमध्ये सोबतचं माणूस मागून येणार असलं की आपण अंग चोरून बसतो आणि शेजारची जागा धरून ठेवतो ना, तशी. तुमच्या बसमध्ये अशी माणसं तुम्ही खूप पाहिली असतील. मी औषधवाल्यांपासून दगड राखत नव्हते, भाऊजी. मी यांच्यासाठी जागा धरून बसले होते. आत्ता येतील, उशीर झालाय थोडा, असं.

तेव्हा मला रडू आलं. ऑक्टोबरात आलं नव्हतं, सगळ्यांनी "रड, मोकळी हो" म्हणून सांगितलं तरी आलं नव्हतं. काल आलं ते आवरेना. औषधवाले लांब उभे राहून मोजे पिळत होते, इकडे न बघता. पुष्कळ वेळ रडले. थांबल्यावर तोंड धुतलं नदीच्याच पाण्याने. बोटं बधिर झाली नाहीत, पाणी आता कोमट आहे.

आणि मग मी मध्ये सरकून बसले.

पुढच्या वसंतात तुम्ही या. चौथ्या मजल्यावरून खाली उतरायला आत्तापासून सुरुवात करा, वर्ष आहे हातात. तुम्ही आलात तर सरकेन जरा. तोवर मी मध्येच बसणार आहे.

वहिनी